सव्वा तासाचा लॅप

आमच्या भाडेकरूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्कूटरच्या हँडलला पाणी पाजत होता.

मे महिना, दुपारचे बारा. आमच्या बेसा वस्तीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझ्या गेटसमोर एक उंच, वाळका म्हातारा उभा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि त्याच्या स्कूटरच्या हँडलवर एक पत्र्याची पेटी. पेटीला तिन्ही बाजूंनी खसच्या ताट्या. आपल्या घरातल्या कूलरला असतात तशाच, पण पोस्टकार्डाएवढ्या. बाटलीतलं पाणी तो थेंब थेंब त्या ताट्यांवर सोडत होता. मी जवळ जाऊन आत डोकावलो. आत मोबाइल फोन.

"हे काय हाय गा?"

"कूलर."

"फोनले?"

"ऊन लागते त्याले. बेचाळीसच्या वर गेलं की आकडेच देत नाही, बंद पडते. तुमची वरची खोली खाली आहे म्हणे, भाड्यानं द्यायची?"

मी आत येऊन बायकोला सांगितलं, माणूस येडा हाय, खोली द्यायची नाही. ती खिडकीतून सगळं बघत होती. म्हणाली, "जो माणूस फोनले इतका जपते तो नळ उघडा टाकून जाणार नाही. देऊन टाका."

मी चाळीस वर्षं टेम्पो चालवला. घरी मात्र स्टेअरिंग कोणाच्या हातात होतं ते यावरून समजून घ्या. खोली दिली.

त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. सगळे त्याला मास्तर म्हणत. आयटीआयमध्ये पोरांना मोटारीचं काम शिकवून रिटायर झालेला. वय माझ्याएवढंच, म्हणजे गेलं तर कोणी फार आश्चर्य करणार नाही असं. लग्न केलेलं नव्हतं. बायकोनं एकदा चहा देता देता विचारलंच.

"मास्तर, लग्न काहून नाही केलं तुमी?"

"एकदा गेलतो ना पोरगी पाहाले, वहिनी. बसलो. पोहे यायले सतरा मिनिटं लागले. मी घड्याळ लावलं होतं. पोरीच्या बापाले म्हटलं, सतरा मिनिटं म्हणजे मधात कुठंतरी अडून राहिलं, शोधा लागन."

"मंग?"

"अठराव्या मिनिटाले मी रस्त्यावर होतो."

ती पदर तोंडावर धरून हसली. इतकी हसली की चहा थंड झाला. मी तिला कधी तसं हसवल्याचं मला आठवत नाही, आणि आठवून पाहिलं आहे मी.

मास्तरला शर्यतीचा नाद होता. दर हिवाळ्यात शहराबाहेर एका गावच्या पडीक मैदानावर स्कूटरच्या शर्यती होत. मातीचा ट्रॅक, कडेला मातीनं भरलेली पोती. पंचवीस-तिशीची पोरं स्कूटरचे पत्रे काढून, सायलेन्सर कापून येत. त्यांच्यात हा एकटा सदुसष्ट वर्षांचा. बाकीचे जिंकायला येत. मास्तर आकडे घ्यायला जाई.

आकडे घेई तो फोन. मला त्यानं समजावलं ते असं. आपण कुठं आहोत हे फोनला आभाळातून कळतं. फोनच्या पोटात आणखी एक बारीकसं यंत्र असतं, त्याला गाडीचा धक्का, झुकणं, ब्रेक, सगळं कळतं. आपण फक्त एक रेघ ठरवून द्यायची. रेघ ओलांडली की चक्कर सुरू, फिरून येऊन पुन्हा ओलांडली की संपली. त्या चकरेला लॅप म्हणायचं. लॅप संपला की फोनमधली बाई इंग्रजीत वेळ सांगते. मग खाटेवर बसायचं आणि बघायचं, कोणत्या वळणावर किती झुकलो, कुठं घाबरलो.

"घाबरलो तेबी लिहिते?"

"तेच तर लिहिते. माणूस म्हणते, म्या ब्रेक नाही मारला. फोन म्हणते, मारला. आकडा लाजत नाही, भाऊ."

आकडा लाजत नाही. हे तो दिवसातून दहा वेळा म्हणे. भाजीवाल्याला म्हणे, नगरसेवकाला म्हणे.

सरावासाठी त्यानं आमच्या लेआउटचा, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीचा, रस्ता धरला. माझ्या गेटसमोर, मला न विचारता, चुन्याची आडवी रेघ मारली. तिथून निघायचं, रिकाम्या प्लॉटांना वळसा घालायचा, पाण्याच्या टाकीवरून परत रेघेवर. रोज सकाळी सहा चकरा. बायका सडा टाकायला निघाल्या की हा फटफटत जाई, आणि त्या मुकाट्यानं बादली घेऊन मागे सरत. सगळ्यात चांगला लॅप दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. तो खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहिला होता, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. देवाचा फोटो नव्हता त्या भिंतीवर, नुसते लॅप.

शर्यत नसे तेव्हा फोन रिकामा बसू नये म्हणून तो कशालाही बांधी. मिक्सरला बांधला. धुण्याच्या मशिनीला बांधला. दुपारी मी झोपलो असताना माझ्या पोटावर ठेवला आणि उठल्यावर मला दाखवलं, घोरताना मी दर चार मिनिटांनी गियर बदलतो. बायको खलबत्त्यात मिरची कुटत होती तर खलाला बांधला. मग बराच वेळ फोन पाहत बसला.

"वहिनी, तुमच्या हाताले जो एकसारखेपणा आहे ना, तो माझ्या इंजिनले नाही."

चव्वेचाळीस वर्षं मी तिच्या हातचं तिखट खाल्लं. तिखट जास्त झालं, कमी झालं, एवढंच बोललो. ती त्या दिवशी उगाच आणखी पावशेर मिरची कुटत बसली.

माझेही आकडे त्यानं घेतले. टेम्पो विकायच्या आधीची शेवटची खेप होती, कळमन्याहून लकडगंजला संत्र्याचे खोके. मास्तर शेजारी बसला, फोन काचेखाली टेकवला. परत आल्यावर त्यानं चेहरा पाडला.

"भाऊ, तुमी हरेक ब्रेकरच्या चाळीस मीटर आधीच ब्रेक मारता."

"मंग? मागं संत्री राह्यते. दबली की गेली."

"येताना तर टेम्पो खाली होता."

आतून बायको म्हणाली, "हेच मी चव्वेचाळीस वर्षांपासून म्हणून राहिली. माझ्यापाशी फोन नव्हता."

ती कशाबद्दल म्हणाली ते मला ठाऊक होतं. तिला साखर निघाली तेव्हा डॉक्टरनं गोड कमी करा म्हटलं. मी बंदच केलं. साखर, गूळ, नातेवाइकांनी आणलेले पेढे, सगळं लोखंडी कपाटात, आणि किल्ली माझ्या करदोड्याला. कोणाच्या घरी बारसं असलं तर मी तिच्या पानावर नजर ठेवून बसे. लोक मला म्हणत, बायकोची काळजी घेतो बुढा. मी खूश होई. ती बिनसाखरेचा चहा पिऊन कप जरा जोरात ठेवी, इतकंच.

हिवाळ्यातल्या शर्यतीला एकदा आम्ही दोघंही गेलो. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते असं मास्तर म्हणे, म्हणून बायकोनं त्या फोनला निळ्या लोकरीचं टोपरं विणून दिलं होतं. वर दोन बंदसुद्धा होते, हनुवटीखाली बांधायला. फोनला हनुवटी नसते हे तिला कोणी सांगितलं नाही. माइकवाला ओरडला, "आणि हे आले आपले टोपरेवाले काका!" पोरं शिट्ट्या मारत होती. मास्तरनं हात वर केला, जसा काही पुढारी.

दुसऱ्या चकरेत मोठा खड्डा आला, टोपरं सुटलं आणि फोन मातीत. मास्तरनं भर ट्रॅकवर स्कूटर स्टँडला लावली. मागची पोरं शिव्या देत दोन्ही बाजूंनी निघून गेली. ह्यानं फोन उचलला, फुंकर मारली, टोपरं घातलं, बंद बांधले, आणि मग शर्यत पूर्ण केली. सगळ्यांच्या मागून. बक्षीस वाटून झालं होतं.

बायको म्हणाली, "अवो मास्तर, तुमी पडले असते तर?"

"मी पडलो असतो तर फोननं लिहिलं असतं. फोन पडला तर कोण लिहीन?"

तिनं त्याला डब्यातली भाकर दिली.

आता त्या शुक्रवारचं सांगतो.

पुन्हा उन्हाळा. आमच्याकडे शुक्रवारचा बाजार भरतो. मास्तर दुपारी चारला चकरा मारून आला, फोन तव्यासारखा तापलेला, आणि कूलरची एक ताटी मोडलेली. शेजारी बायकोची स्कूटर उभी होती, बाजाराला निघायच्या तयारीत. तिच्या थैलीत ती नेहमी ओलं गोणपाट अंथरी, भाजी सुकू नये म्हणून. मास्तरनं विचार केला, आख्ख्या बेसात याहून थंड जागा नाही. फोन त्या गोणपाटात गुंडाळला आणि ताटी बांधायला सुतळी आणतो म्हणून वर गेला. खाटेखाली सुतळी शोधता शोधता खाटेवर झोपला. लॅप बंद करायचा राहिला. माझी बायको आली, थैली हुकाला होतीच, किक मारली, चुन्याची रेघ ओलांडून गेली.

मी ओसरीवर बसलो होतो. ती परत आली, पुढचं चाक रेघेवरून आत आलं, आणि थैली बोलली.

"वन अवर, सेव्हन्टीन मिनिट्स."

तिनं दोन्ही पाय जमिनीला टेकले. "अवो! धावा! थैलीत बाई हाय!"

मी काठी घेऊन गेलो. खोटं काहून बोलू, काठी घेऊनच गेलो. थैली उलटी केली. वांगी, टमाटे, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार दोन जुड्या, आणि त्यात मास्तरचा फोन. वरून मास्तर धावत आला, एका पायात चप्पल.

"वहिनी, लॅप झाला!"

"कोणाचा?"

"तुमचा!"

पायरीवर बसून तो वाचू लागला. आम्ही दोघं उभं राहून ऐकत होतो, पत्रिका ऐकावी तसं. "अकरा ठिकाणी थांबल्या. पण ब्रेक एकबी जोरात नाही, वहिनी. पाण्यानं भरलेला गंज ठेवला असता तरी सांडला नसता. हे देऊळ दिसते. हे बाजार. आणि इथं एकोणीस मिनिटं. इथं कोण राह्यते?"

"कोणी भेटलं असन."

"आणि हे घराजवळ, रिकाम्या प्लॉटपाशी चार मिनिटं?"

"गाडी बंद पडली होती."

"गाडी तर चालूच होती, वहिनी. इंजिनची थरथर दिसून राहिली ना."

"मास्तर," ती म्हणाली, "आकडे वाचा. जास्त वाचू नका."

मास्तरनं तो लॅप भिंतीवर लिहिला, यादीत सगळ्यात खाली. वहिनी, एक तास सतरा मिनिटं. ती पाहायला वर गेली होती मुद्दाम.

"म्हणजे मी शेवटची आली."

"शेवटचा बी पोचलेलाच असते, वहिनी. जे मधातच राह्यले त्यांचं नाव भिंतीवर नाही."

जानेवारीत ती गेली. सकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ते उतू गेलं. तिचं दूध कधी उतू जात नसे, म्हणून मी न्हाणीतून तसाच ओला बाहेर आलो. पुढचं लिहीत नाही.

दहाव्याला अंगणात सगळे पाहुणे बसले होते. माझा साळा रडत होता. मास्तर मधून चालत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाऊ, वहिनीचा लॅप आहे माझ्यापाशी, नकाशावर ठिपका चालते त्यांचा. पण फोनची बॅटरी फुगून राहिली."

साळ्यानं रडणं थांबवलं. "हा कोण बे?"

"ठिपके दाखवते मले," मी म्हणालो. "माझी बायको मेली अन् हा ठिपके दाखवते! नीघ इथून!"

तो उठून गेला. तीन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. तो खाली आला की मी आत जाई. पण मला दिसत होतं. चुन्याची रेघ पुसट होई आणि सकाळी पुन्हा पांढरी असे. त्यानं सरावाच्या चकरा बंद केल्या होत्या, फोनला त्रास नको म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा.

घरात तिचे फोटो होते. लग्नातला, रेशन कार्डावरचा, एक कोणाच्या तरी साखरपुड्यातला, जिथं ती माझ्याकडे बघते आहे आणि मी तिच्या पानाकडे. मी ते फोटो काढून बसे. फोटोत माणूस बसून राहतो. ती बसणारी नव्हती. बाविसाव्या दिवशी मी वर गेलो.

"दाखवा."

त्यानं फोन उशीखालून नाही, माठाच्या बाजूला ठेवलेल्या डब्यातून काढला. फोनची पाठ पोटुशीसारखी वर आली होती. काचेवर नकाशा, त्यावर एक लाल ठिपका. त्यानं बोट टेकवलं आणि ठिपका निघाला. आमच्या गेटपासून निघाला, वळणावर हळू झाला, देवळापाशी थांबला, पुन्हा निघाला. ती चालली होती.

"हे दुसऱ्या फोनमध्ये टाका."

"मले येत नाही, भाऊ." हे बोलताना मास्तरची मान खाली होती. इंजिन तो डोळे मिटून खोलत असे. "दुकानात नेला. पोरगा म्हणे, काका, खोलला तर सगळं जाईन. न खोलता आठ-पंधरा दिवस चालन."

"मंग? मंग जाईन ही?"

मास्तरनं भिंतीवरच्या खडूच्या ओळींकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमाले पाठ करा लागन."

"काय?"

"लॅप. चौथी शिकले ना तुमी? पाठांतराशिवाय दुसरं काय शिकले? चाळीस वर्षं रस्ते पाठ केले. हा एक आणखी करा."

तर शुक्रवारी चार वाजता मी बायकोची स्कूटर काढली. ती गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. मास्तर मागे बसला, डोक्यात शर्यतीचं हेल्मेट, मांडीवर कूलर, कूलरमध्ये फोन. मार्च लागला होता. निळा ठिपका आमचा, लाल ठिपका तिचा. रेघ ओलांडली की दोन्ही ठिपके एकदम निघतात, हे मास्तरनं लावून ठेवलं होतं. ती जिथं थांबली तिथं लाल थांबणार, ती निघाली की निघणार. आम्ही निळा ठिपका लालच्या खाली ठेवायचा. बस.

सोपं वाटतं. मला हळू जाता येत नाही असं नाही, मी तर आधीच ब्रेक मारणारा माणूस. पण थांबता येत नाही. थांबलो की माल उतरवायचा आणि निघायचं, हेच केलं जन्मभर. देवळापाशी लाल ठिपका थांबला, मी हात जोडले आणि निघालो.

"भाऊ, जिंकून राहिले! जिंकू नका!"

मी ब्रेक मारला. मागचा ऑटोवाला आदळता आदळता वाचला.

"थांबा! वहिनी अजून देवळातच आहे!"

अख्खा रस्ता आमच्याकडे बघत होता. मी थांबलो. मग एकदम, "गेल्या! गेल्या! वीस सेकंद मागं आपण, चला!" मी स्कूटरचा कान पिळला. चौकात ट्रॅफिकवाल्यानं अडवलं. दोन म्हातारे, एक लेडीज स्कूटर, मांडीवर कूलर.

"काय काका, कुठं घाई?"

मास्तर म्हणाला, "घाई नाही. याची बायको समोर आहे. तिले ओलांडायचं नाही."

त्यानं समोरचा रिकामा रस्ता पाहिला, मग माझं तोंड पाहिलं, आणि बाजूला झाला.

शिंप्यापाशी लाल ठिपका तीन मिनिटं थांबला. आम्ही दुकानासमोर नुसते बसून राहिलो तर शिंपी बाहेर आला आणि एक हिरवं ब्लाउज माझ्या हातात दिलं. "काकूंचं. कधीचं शिवून पडलं आहे." मी ते थैलीत ठेवलं, ओल्या गोणपाटावर. बाजारात सात ठिकाणं, सातही ठिकाणी मी उभा राहिलो. भाजी घेतली नाही तर लोक कसं बघतात ते मला त्या दिवशी कळलं, म्हणून शेवटी सांबार घेतला.

मग लाल ठिपका बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरला आणि बसला. एकोणीस मिनिटं.

निंबाच्या झाडाखाली एक हातगाडी. कढईत जिलबी. गाडीवरच्या बाईनं मला पाहिलंच नाही, तिनं स्कूटर पाहिली.

"या गाडीवाल्या काकू नाही आल्या लय दिवसांच्या?"

मी स्कूटर स्टँडला लावली. ती बाई आपली बोलत राहिली. "दर शुक्रवारी दोन पलेट. एक इथंच खात, या बाकावर, पाय हालवत. एक बांधून नेत. म्हणत, माझ्या बुढ्याले लय आवडते, पण थो कुठी जात नाही, त्याच्यासाठी नेतो."

मी बाकावर बसलो. करदोड्याची किल्ली पोटाला रुतली.

मला जिलबी आवडते. हे खरं आहे. आणि माझ्या घरी शुक्रवारी कधीच जिलबी आली नाही, हेही खरं आहे.

एकोणीस मिनिटं झाली. लाल ठिपका निघाला, आम्ही निघालो. लेआउटमध्ये शिरलो, पाण्याची टाकी आली, घराचं छत दिसायला लागलं आणि रिकाम्या प्लॉटपाशी लाल ठिपका पुन्हा थांबला. चार मिनिटं. मी थांबलो. इंजिन चालूच ठेवलं, तिनं ठेवलं होतं तसं. मास्तर फोनकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. आकडा लाजत नसेल, मास्तर लाजला.

"माझी पलेट," मी म्हणालो. "इथं खात होती. माझी बी."

आणि मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. स्कूटर हालायला लागली इतकं हसू. मास्तर मागून म्हणाला, "भाऊ, सेन्सर बिघडते," आणि तोही हसायला लागला, हेल्मेटातल्या हेल्मेटात. मग माझं हसणं संपलं आणि मला विचारावंच लागलं.

"मास्तर, त्या जिलबीनं गेली का गा थे? का माझ्या कुलपानं? कुलूप नसतं तर एकच खाल्ली असती."

मास्तरनं हेल्मेट काढलं. "आकडा इतकंच सांगते, भाऊ, की इथं थांबली. काहून थांबली, कायनं गेली, ते त्याले माहीत नाही. मले वाटत होतं, माहीत राह्यते त्याले."

लाल ठिपका निघाला होता. आम्ही दीड मिनिट मागे पडलो. तो लॅप धरला गेला नाही.

पुढच्या शुक्रवारी तीस सेकंदांनी चुकलो, कारण शिंप्यानं चहा पाजला. तिसऱ्या शुक्रवारी फोनची काच एका बाजूनं उचलली होती आणि आत बारीक उजेड दिसत होता. मास्तर म्हणाला, हा शेवटचा. त्या दिवशी मास्तरला माझ्यावर एकदाही ओरडावं लागलं नाही. देवळात हात जोडून मी किती वेळ उभं राहायचं ते माझ्या पायांना कळत होतं. रिकाम्या प्लॉटपाशी चार मिनिटं झाली आणि त्यानं सांगायच्या आधी मी निघालो. निळा ठिपका लालच्या खाली, मास्तर म्हणाला, लाल दिसतसुद्धा नाही. रेघ पन्नासेक मीटरवर असेल. आणि तो म्हणाला, "गेला."

फोन काळा पडला होता.

माझा हात ब्रेकवर गेला. आधीच, चाळीस मीटर.

"ब्रेक सोडा," मास्तर म्हणाला. "भाऊ, ब्रेक सोडा. रेघ तर जागेवरच आहे."

मी ब्रेक सोडला. पुढचं चाक रेघेवरून आत आलं. बाई बोलली नाही. मास्तरच्या मनगटावर घड्याळ होतं. पोह्यांची वेळ धरणारा तो माणूस, त्यानं घड्याळ पाहिलं नाही. स्कूटरवरून उतरला, कूलर खाली ठेवला आणि म्हणाला, "झाला लॅप."

फोन पेटेल म्हणून त्यानं तो वाळूच्या डब्यात पुरला. त्याआधी टोपरं खिशातून काढून माझ्याकडे दिलं.

मग त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि त्याचा पुतण्या येऊन त्याला वर्ध्याला घेऊन गेला. जाताना तो स्कूटर विकून गेला, कूलर मला ठेवून गेला. कूलरचं मी काय करू? वरची खोली नव्या भाडेकरूला दिली तेव्हा एक अट घातली, ती भिंत रंगवायची नाही. तो म्हणाला, यावर काय लिहिलं आहे? मी म्हटलं, पोचलेल्यांची नावं.

आता शुक्रवारी चार वाजता मी निघतो. रेघ मीच मारतो. सहाच्या आत मास्तरचा फोन येतो, नव्या फोनवरून.

"किती, भाऊ?"

"घड्याळ नाही नेलं."

"मंग लॅप धरता येत नाही," म्हणतो आणि ठेवून देतो. दर शुक्रवारी.

जिलबीवाल्या बाईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, काकूंचे गुडघे दुखतात. मी दोन पलेट घेतो. एक बाकावर खातो, एक बांधून घेतो, बुढीच्या फोटोपुढं ठेवायची म्हणून. अगदी मनापासून ठरवून निघतो, की आज घरी न्यायचीच. मग टाकी येते, रिकामा प्लॉट येतो, आणि गाडी चालूच ठेवून मी थांबतो.

अजून एकदाही ती पलेट रेघेच्या आत आलेली नाही.